विमानतळाची बाही

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या विमानतळाची बाही फाटली. ही वेळ अचूक आहे, कारण ती मीच नोंदवली. पुढे जे जे झालं ते माझ्या या अचूकपणामुळेच झालं, असं आमच्या पालोमिनोसाहेबांचं मत आहे. त्यांचं मतही मी इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते.

बाही म्हणजे धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर लावलेली, दोन्ही तोंडांनी उघडी असलेली कापडी नळी. वारा आत शिरला की ती फुगून आडवी होते आणि वारा कुठून येतोय, किती येतोय, ते वैमानिकाला वरूनच दिसतं. वारा नसला की ती लोंबते. मला या उपकरणाबद्दल आदर आहे. त्याला वीज लागत नाही, रजा लागत नाही, आणि विचारल्याशिवाय ते मत देत नाही. विमानतळावर माझ्या ओळखीचं असं दुसरं कोणीही नाही.

मी इथली हवामान निरीक्षक. सत्तावीस वर्षं दर तासाला ढग, दाब, तापमान आणि वारा लिहिते, आणि विमान आलं की रेडिओवर वैमानिकाला वारा सांगते. माझी पदवी पदार्थविज्ञानाची आहे. पण आमच्या शहरात ज्याच्या हातात पेन्सिल आणि मोजपट्टी दिसेल त्याला इंजिनियर म्हणतात. सुरुवातीची दहा वर्षं मी लोकांना दुरुस्त केलं. नंतर सोडून दिलं.

आमच्याकडे राजधानी लिमाहून दिवसाला एकच विमान येतं. सकाळी धुकं असतं, दुपारी दरीतून वारा सुटतो, मधल्या वेळात ते दहा पंचावन्नला उतरतं आणि साडेअकराला परत जातं. नियमपुस्तकात असं आहे की बाही नसेल किंवा काम करत नसेल, तर बहात्तर तासांची सवलत. त्यानंतर नवी बाही लागेपर्यंत उतरणाऱ्या विमानांना धावपट्टी बंद. सोमवार दहा चाळीसपासून बहात्तर तास म्हणजे गुरुवार दहा चाळीस. गुरुवारचं विमान उतरणार दहा पंचावन्नला. आणि त्या विमानाने माझे वडील जाणार होते.

"इंजिनियरबाई," पालोमिनोसाहेब म्हणाले. ते आमचे विमानतळप्रमुख, आणि बोलताना टाय सरळ करायची त्यांना सवय आहे. "ही बाही अकरा वाजता फाटली असं लिहिता आलं नसतं?"

"ती दहा चाळीसला फाटली."

"वीस मिनिटांचा तर प्रश्न होता."

"अकरा वाजता ती फाटलेलीच होती, साहेब. फाटलेली गोष्ट पुन्हा कशी फाटेल?"

त्यांनी टाय सरळ केला.

वडिलांचं, म्हणजे मास्तर सातुर्निनोंचं, असं की ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली अठरा वर्षं हेडमास्तर. आता दोन्ही डोळ्यांत इतकं कमी दिसतं की पाव कुठला आणि चीज कुठलं ते वासावर ओळखतात. लिमाच्या डोळ्यांच्या इस्पितळाने चौदा महिन्यांनी तारीख दिली होती. शुक्रवार, सकाळी आठ. ती चुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. बसने नेलं असतं, पण वाटेत पावणेपाच हजार मीटरची खिंड लागते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की पापांचं हृदय ती खिंड चढणार नाही. म्हणजे विमान. म्हणजे बाही.

सरळ मार्ग लिमाच्या भांडाराकडे अर्ज करण्याचा. मी तो सोमवारीच केला. अर्जाच्या चौथ्या रकान्यात जुन्या बाहीचा अनुक्रमांक लागतो. हा अनुक्रमांक बाहीच्या शेपटाकडच्या कोपऱ्यावर शिवलेला असतो. शेपूट फाटून कुंपणापलीकडे लसूणघासाच्या शेतात पडलं होतं. आमचा अग्निशामक रुफो ते आणायला गेला आणि अर्ध्या तासाने अतिशय गंभीर चेहऱ्याने परत आला.

"कपडा मिळाला, इंजिनियरबाई. पण तेवढा कोपरा गाईने खाल्ला."

मी भांडाराला फोन करून सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी बरीच पानं उलटली. मग म्हणाले, "गाय विमानतळाच्या मालकीची आहे का?"

"नाही."

"मग हे बाहेरच्या घटकाकडून झालेलं नुकसान. त्याचा अर्ज वेगळा. सहा आठवडे धरून चाला."

संध्याकाळी घराच्या दारात एर्मेलिंदा भेटली. ही माझी शेजारीण. कोपऱ्यावर तिचं कोंबडी भाजण्याचं दुकान आहे. तिच्या धाकट्या मुलाची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि त्या नात्यामुळे तिला माझ्या प्रत्येक गोष्टीत बोलायचा अधिकार पोचतो. नसता पोचला तरी ती बोललीच असती.

"फाटणारच होती," ती म्हणाली. "तिला धर्ममाता होती का? तिचा बाप्तिस्मा झाला होता का? नुसती आणली आणि टांगली. तुमच्या त्या आगीच्या बंबाचं काय झालं? बाप्तिस्मा नाही, पहिल्याच वर्षी गळायला लागला."

"बंब गळला तो गंजामुळे, कोमाद्रे."

"आणि गंज कशामुळे?"

यावर विज्ञानाकडे उत्तर आहे, पण ते दारात उभं राहून देण्यासारखं नाही.

बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू धर्ममाता किंवा धर्मपित्याशिवाय कामाला लागत नाही. घर, ट्रक, शाळेचा फळा, कपाट, वजनकाटा, सगळ्यांना लागतो. धर्मपिता खर्च उचलतो, पाद्री पाणी शिंपडतो, बाटली फुटते, बँड वाजतो. आणि नेमकं नियमपुस्तकातही होतं की तातडीच्या वेळी सामान देणगी म्हणून स्वीकारता येईल, मात्र 'रीतसर समारंभाने'. पालोमिनोसाहेबांना हे कलम मंगळवारी सकाळी सापडलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नोकरीत प्रथमच बघितला. धर्ममाता कोण होणार, हा प्रश्नच नव्हता. ती सकाळी सात वाजल्यापासून त्यांच्या खोलीबाहेर भाजलेली कोंबडी घेऊन बसली होती.

शिवणार कोण? जाड कापडावर चालणारी सुई शहरात एकाच ठिकाणी, सेनोबियाबाईंकडे; मान देऊन सगळे त्यांना दोन्या सेनोबिया म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. मिरवणुकीतल्या संतांचे आणि देवमाता माउलीचे झगे त्या शिवतात. आमच्या शहरात देवळं तेहतीस, तेव्हा त्यांना आयुष्यात उसंत मिळालेली नाही. मी त्यांना पूर्ण आकृती काढून दिली. तोंडाचा व्यास नव्वद सेंटीमीटर, लांबी, शेपटाचा व्यास, नारिंगी-पांढरे पट्टे, आणि खाली दोनदा रेघ ओढून: कापड हलकं.

त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला.

"पोरी, यात कलाबतू कुठंय?"

"कलाबतू नको. हलकं हवं."

"धर्ममातेचं नाव?"

"नाव नको."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी माउलीला उघडं मिरवायला सांगते आहे. "बरं बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं बरं' मी होकार म्हणून घेतलं. निरीक्षण चुकलं.

बुधवारी दुपारी तीन वाजता समारंभ झाला. पाद्री आले, बँड आला, शाळेला अर्धी सुट्टी मिळाली. बाही मखमली आच्छादनाखाली होती. आच्छादन निघालं आणि लोकांच्या तोंडून एकदम "आ" निघाला. माझ्याही निघाला, पण तो वेगळा.

पट्टे होते. नारिंगी साटीन आणि पांढरं साटीन, आतून अस्तर. त्यावर सोनेरी कलाबतूने वैमानिकांची कैवारी लोरेतोची माउली, दोन्ही बाजूंना तुतारी फुंकणारे देवदूत, तोंडाभोवती मोत्यांची किनार, आणि हातभर अक्षरांत: 'धर्ममाता एर्मेलिंदा आणि तिचे कुटुंब, भक्तिपूर्वक. भाजलेली कोंबडी, घरपोच मिळेल.'

"हिचं वजन किती?" मी रुफोला विचारलं.

"वर चढवताना कळेल," रुफो म्हणाला. चढवल्यावर तो खाली येऊन गवतावर बसला आणि पाणी मागितलं. मी नंतर वजन केलं. नऊ किलो सहाशे ग्रॅम.

बाटली फुटली. बँड वाजला. दरीतून नेहमीचा दुपारचा वारा सुटला होता. पाद्रींची टोपी उडाली, बँडवाल्यांचे कागद उडाले, एर्मेलिंदाच्या केसांची रचना कोसळली. माझ्या वायुवेगमापकावर अठरा नॉट होते. आणि बाही खांबाला लगटून सरळ खाली लोंबत होती, अगदी अचल. देवदूत डोक्यावर उभे झाले होते.

"कशी शांत उभी आहे बघा," एर्मेलिंदा डोळे पुसत म्हणाली.

मी कार्यालयात आले, वही उघडली आणि लिहिलं: 'वारा अठरा नॉट. बाही प्रतिसाद देत नाही. निकामी.'

पालोमिनोसाहेब मागे उभे होते. "इंजिनियरबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्याच्या विमानात तुमचे वडील आहेत."

"यादी माझ्याकडेही आहे, साहेब."

"मग? बाही वर आहे. जगाला दिसते आहे. 'लावली' एवढंच लिहा ना."

"वैमानिक खाली बघेल आणि त्याला दिसेल वारा नाही. वारा असेल बारा नॉट. त्या विमानात माझे वडील असोत नाहीतर तुमचे."

पालोमिनोसाहेबांनी टायची गाठ सैल केली. ते वाईट माणूस नाहीत. मी वही बंद केली आणि बाहेर जाऊन मास्तर सातुर्निनोंच्या मुलीला शोभेल अशा चालीने बसथांब्याकडे गेले. थांब्यावर पोचल्यावर मात्र मी दोन बस सोडल्या. पापांना मी चौदा महिने तारीख मोजताना बघितलं होतं. भिंतीवरची दिनदर्शिका त्यांना दिसत नसे. ते रोज सकाळी मला विचारत, "आता किती?" आणि मी वजाबाकी करून सांगत असे. त्या दिवशी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्याच ना?" मी म्हटलं, "उद्याच." आयुष्यात पहिल्यांदा मी पापांसमोर अशी नोंद केली जी खरी म्हणता आली नसती.

दुसऱ्यांदा, खरं तर. पहिल्या वेळेबद्दल आता सांगणं भाग आहे.

गुरुवारी सकाळी सहाला पापांची पेटी भरायला घेतली. गरम बनियन शोधताना जुन्या संदुकीच्या तळाशी हात गेला आणि कागदात गुंडाळलेले तीन परकर हाताला लागले. आमच्या कार्निव्हलमध्ये प्रत्येक वस्तीचा नाचाचा ताफा असतो आणि बायका घागऱ्याखाली तीन परकर घालतात, एकावर एक, ताफ्याच्या रंगांचे. आमचे रंग नारिंगी, पांढरा, नारिंगी. सुती, पातळ, खाली हातभर झालर. घेर इतका की गिरकी घेतली की तिन्ही वर उडावेत.

त्या वर्षी मी एकोणीसची होते आणि विद्यापीठाची भौतिकशास्त्राची परीक्षा तोंडावर होती. पापांनी सांगितलं होतं, यंदा नाच नाही. मी म्हटलं, अर्थात नाही, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. आणि तीन दिवस, भुवयांपर्यंत टोपी ओढून, मी नाचले. परीक्षेत पहिली आले, त्यामुळे पुराव्याअभावी प्रकरण मिटलं. बत्तीस वर्षं कोणालाही कळलं नाही.

मी त्या परकरांकडे बघत बसले. सौंदर्याने नव्हे, भूमितीने भारावून. परकर म्हणजे काय? कमरेला अरुंद आणि घेराला रुंद अशी, दोन्ही तोंडांनी उघडी कापडी नळी. मी मोजपट्टी घेतली. घेर दोन मीटर त्र्याऐंशी. भागिले पाय (π), नव्वद सेंटीमीटर. उंची ऐंशी सेंटीमीटर. तीन परकर नाडी सैल करून एकापुढे एक जोडले तर दोन मीटर चाळीस. नियमपुस्तकात लहान विमानतळासाठी किमान लांबी दोन मीटर चाळीस. तिन्हींचं वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आठशे सत्तर ग्रॅम.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. एकात पापांचे डोळे होते. दुसऱ्यात माझा परकर बारा मीटर उंचीवर, भरदिवसा, संपूर्ण शहराला दिसेल असा फडकणार नव्हता. विज्ञानात याला पर्याय म्हणत नाहीत. मी परकर पिशवीत टाकले. रीतसर समारंभ तर कालच झाला होता.

साडेनऊला पापांना विमानतळाच्या बाकावर बसवलं. धर्ममाता आधीच हजर होती, आपल्या नावाचा फोटो काढायला. रुफो ते नाव खाली उतरवत होता.

"कोमाद्रे! माझं नाव उतरवते आहेस? पाणी शिंपडलेलं नाव?"

"ती हलत नाही, कोमाद्रे."

"देवळातली माउली तरी हलते का? म्हणून तिला उतरवतात?" मग तिची नजर पिशवीकडे गेली. "आणि हे काय? हे... हे परकर आहेत!"

बाकांवरची चाळीस माणसं वळली. पापा सोडून.

"कापडी शंकू आहेत," मी म्हटलं.

"झालरवाले शंकू!"

इतक्यात दोन्या सेनोबिया आत आल्या. आपल्या हातची बाही उतरवल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्या भांडायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातले परकर ओढून घेतले, झालर बोटांत धरली, नेफा उलटून पाहिला. मग माझ्या कमरेकडे पाहिलं. पुन्हा नेफ्याकडे.

"हे मीच शिवले," त्या म्हणाल्या. "माप मला पाठ आहे. सगळ्यांचं असतं."

एर्मेलिंदा पुढे झुकली. "कुणाचे, दोन्या? सांगा ना, कुणाचे?"

दोन्या सेनोबियांनी शालीत खोवलेली जाड सुई काढली. "होती एक पोर. बारीक होती तेव्हा." आणि माझ्याकडे वळून, "घड्याळ बघत काय उभी आहेस? दोरा ओव. मला दिसत नाही."

मी दोरा ओवला. वीस मिनिटं त्यांची सुई चालत होती. जाताजाता त्यांनी सोन्याच्या बाहीकडे बोट दाखवलं. "ती काचेच्या पेटीत, प्रवाशांच्या खोलीत. नावासकट. तिथं वारा नाही." एर्मेलिंदाने क्षणभर विचार केला. काचेची पेटी, रोज येणारेजाणारे प्रवासी, घरपोच कोंबडी. "खालून दिवा पण लावा," ती म्हणाली.

रुफो परकर एका हातात धरून वर चढला. दहा वाजून सदतीस मिनिटांनी तिन्ही परकर फुगले, तोंड वाऱ्याकडे वळलं, शेपूट आडवं झालं आणि झालर तडतडू लागली. मी वेळ लिहिली. 'बाही कार्यरत.' पालोमिनोसाहेबांनी वही बघितली, घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं," ते म्हणाले आणि टाय सरळ न करताच खुर्चीत बसले.

दहा एकावन्नला रेडिओ खरखरला. "वातबाही दिसते आहे," वैमानिक म्हणाला. मग जरा थांबून, "एक विचारू? तिला झालर आहे का?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"वारा एकशे नव्वद अंशांवरून," मी म्हटलं, "बारा नॉट."

पापा साडेअकराला गेले. शिडीवर त्यांना हात धरून चढवताना त्यांनी विचारलं, "हा कसला आवाज येतोय फडफड?" मी म्हटलं, "नवी बाही." ते म्हणाले, "चांगली आहे. कापड हलकं वाटतं."

ते अकरा दिवसांनी परतले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची तारीख मिळाली होती. लिमाची बाही अर्थातच आली नव्हती. गाईच्या मालकाची सही बाकी होती. माझे परकर तोपर्यंत शहरात प्रसिद्ध झाले होते. बाजारात बायका आजच्या हवेबद्दल बोलताना म्हणत, "आज परकर अर्धाच उडतोय." कुणाचे, हे मात्र कळलेलं नव्हतं. एर्मेलिंदाचे अंदाज सतरापर्यंत पोचले होते आणि त्यात माझं नाव नव्हतं, हे मला का कोण जाणे थोडं लागलं.

पापा शिडीवरून एकटे उतरले. काळा चष्मा लावलेला होता. खाली आले, चष्मा काढला आणि धावपट्टीपलीकडे खांबाकडे बघत उभे राहिले. मी त्यांची पेटी धरून शेजारी उभी. वारा सुटला होता.

"नारिंगी," ते म्हणाले. "पांढरा. नारिंगी."

"तात्पुरती आहे, पापा. लिमाहून नवी येईपर्यंत."

"दुसऱ्या ओळीत होतीस. डावीकडून तिसरी."

मी पेटी खाली ठेवली.

"टोपी भुवयांपर्यंत. सान्ता क्लाराच्या कोपऱ्यावर माझ्यासमोरून गेलीस. पाच पावलांवरून."

"तुम्ही तिथे कसे, पापा? तुम्ही तर शाळेत..."

"मी शाळेत पेपर तपासतोय असं तुझ्या आईला सांगितलं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "ती पण कोपऱ्यावर भेटली. रस्त्याच्या पलीकडे. तिने बाजाराला जाते म्हणून सांगितलं होतं."

मी बाहीकडे बघितलं. चौदा नॉट असेल. झालर छान वाजत होती.

"पण वळताना तुझं पाऊल चुकलं," पापा म्हणाले.

"चुकलं नव्हतं. पुढची बाई मध्येच थांबली होती."

पापांनी यावर विचार केला. चाळीस वर्षं त्यांनी पेपर तपासले, आणि दिलेले गुण बदलल्याचं मला आठवत नाही.

"बरं," ते म्हणाले आणि पेटीला हात घातला. "नोंद दुरुस्त करतो."